खळ म्हणजे खळ!

टण्ण!

पळी फरशीवर पडली आणि दुपारची शांतता मोडली. पुतळा जागच्या जागी थिजली. माजघरातून आजीचा आवाज आलाच.

"पुतळे, खळ शिजली का गो?"

पुतळाने हातातल्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. डब्यातली खळ तिने नुकतीच पातेल्यात ओतली होती. स्टोव्ह तर तिने पेटवलाच नव्हता!

"हो आजी! शिजली!"

उंबऱ्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या हिरामणने लगेच विचारलं, "ताई, खळ गरम का नाही?"

"निवली."

"एवढ्यात कशी निवली?"

"वारा आला!" पुतळा म्हणाली. हिरामणच्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असायचंच. त्याशिवाय का तो दिवसभर तिच्या मागे मागे फिरायचा?

बाहेर दिलीपची शिट्टी वाजत होती. लगोरीचा डाव तिच्यासाठी खोळंबला होता. मैदा चाळा, गुठळी मोडा, स्टोव्हची पिन मारा, घोटत बसा, या सगळ्यात पाऊण तास गेला असता! आणि मैदानाच्या भिंतीपाशी हा डबा आयता पडलेला. वर खडूने 'खळ' असं लिहिलेलंसुद्धा! सर्कशीची पोस्टरं चिकटवणारा माणूस तो तिथंच टाकून गेला होता. खळ जरा निळसर दिसत होती. पण आई कपड्यांना खळ करताना नीळ घालतेच की! खळ म्हणजे खळ!

ही खळ हवी होती गोधडीसाठी. यशोदाकाकी परवा उरणहून, माहेराहून, पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन सासरी, इथं शिरवण्याला, पहिल्यांदा येणार होती. तिच्यासाठी आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती. आजीचे डोळे अधू झालेले. बोटांनी चाचपत ती सुरेख टाके घाली, पण लुगड्यांचे थर सरकले की सगळं वाकडं होई. आधी कच्चे टाके घालून ते जुळवून ठेवणं तिला आता जमेना. म्हणून तिने युक्ती काढली होती: थर खळीने चिकटवायचे, वाळले की दोरा भरायचा, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

पण त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नाही. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. गोधडी न धुताच पाळण्यात गेली.

बाळाने आल्या आल्या गोधडीचं टोक पकडलं आणि सरळ तोंडात घातलं!

"अगं बाई, ओढा ना ते!" काकी म्हणाली.

"चघळू दे गो!" आजी हसली. "मैद्याचीच खळ हाय. पोटात गेली तर चपातीच गेली समज!"

सगळे हसले. पुतळाही हसली. पण तिची नजर त्या निळसर टोकावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाळाला उलट्या सुरू झाल्या.

"दूध!" पुतळाचे बाबा गरजले. "त्या कमळाकरच्या दुधातच काहीतरी हाय!"

कमळाकर म्हणजे गावातला दूधवाला. तो बिचारा दारात उभा राहून गळ्याला चिमटा घेत होता. "मुलांची शप्पथ! माझी तीन पोरं तेच दूध पितात!"

"उद्यापासून इकडे फिरकू नकोस!"

कमळाकर मान खाली घालून गेला. त्याची किटली भरलेलीच होती.

पुतळा पाळण्याजवळ उभी होती. बाळाच्या ओठांच्या कडेला निळसर-हिरवट झाक होती. गोधडीच्या टोकावरही तशीच. नीळ अशी हिरवी कुठं होते? तिने हळूच ते टोक आतल्या बाजूला दुमडलं. मग बाळाचं तोंड पदराने पुसणाऱ्या काकीकडे तिला बघवेना. बाळ रात्री उशिरापर्यंत किरकिरत होतं. पुतळाने डोक्यावरून चादर ओढली आणि बोटं कानात घातली. बोटं काढली की आवाज येई. पुन्हा घातली.

सकाळी उठल्या उठल्या तिने गोधडी पाळण्यातून काढली, काखेत मारली आणि मैदानाकडे धूम ठोकली. हिरामण मागोमाग!

"हे बघा," तिने दिलीप आणि वैजयंतीपुढे गोधडी पसरली. वैजयंती नव्या कॉलनीत राहायची. तिचे वडील ऑफिसात कारकून, त्यामुळे तिचं सगळं नेटकं. तिने निळा डाग हात न लावता काडीने खरवडला.

"ही खळ तू केलीस?"

पुतळाने मान हलवली. "नाही. त्या डब्यातली. भिंतीपाशी पडला होता तो."

"आणि बाळ चघळलं?" दिलीप ओरडला. "अगं, काल का नाही बोललीस?"

पुतळा गोधडीची घडी घालू लागली.

"रागाव नंतर," वैजयंती म्हणाली. "आधी डब्यात काय होतं ते कळायला हवं! डॉक्टरला काय सांगणार?"

पोस्टरवाला नंदकुमार शाळेच्या भिंतीवर वाघाचं तोंड चिकटवत होता. बाजूला तीन डबे उघडेच.

"ओ काका, तुमच्या खळीत काय असतं?"

"मैदा न् पानी! आनखी काय असणार? चला फुटा, टेन्शन नको देऊ!"

"नक्की फक्त मैदा?"

"लिहून देऊ काय? चल ए!"

चौघं बाजूला झाली. दिलीपचे डोळे चमकले. "थांबा. हा असा नाही बोलणार!"

पाच मिनिटांत तो आपल्या घरची बकरी घेऊन परत आला. तिची दोरी आखूड धरून, डब्यापासून चांगलं चार हात लांब ती उभी केली आणि मोठ्याने म्हणाला, "वैजू, हा उरलेला डबा हिला घालूया! मैदाच तर आहे! फुकट जाण्यापेक्षा—"

"घाल, घाल! बिचारीने सकाळपासून काही खाल्लं नाही!" वैजयंतीने डबा उचलला.

वाघाचं अर्धं तोंड भिंतीवरून लोंबकळत राहिलं. नंदकुमार शिडीवरून उडी मारूनच खाली आला.

"ए! ए! काय करतेस? मरेल ना ती! निळं मोरचूद हाय त्यात!"

"मोरचूद?" चौघंही एकदम!

"मग? नाहीतर उंदीर न् झुरळं पोस्टर खाऊन टाकतात. सगळेच घालतात!"

"आणि डबे उघडे टाकता? लहान मुलं खेळतात तिथं?" वैजयंती म्हणाली. "वर नुसतं 'खळ' लिहून?"

नंदकुमार घाईघाईने डबे गोळा करू लागला. पण पुतळा ते बघायला थांबली नव्हती. गोधडी छातीशी धरून ती धावत सुटली होती.

घरी काकी बाळाला घेऊन दवाखान्यात निघतच होती. आजी, बाबा, सगळे अंगणात.

"दुधाने नाही!" पुतळा धापा टाकत ओरडली. "माझ्यामुळे! मी खळ शिजवलीच नाही! पोस्टरवाल्याची आणली. त्यात मोरचूद आहे. आजी, मी खोटं बोलले!"

काकीने तिच्याकडे पाहिलं, मग बाळाला घट्ट धरलं आणि झपाझप चालू लागली. पुतळा मागून पळाली.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं, गोधडी पाहिली, पुतळाला दोन-चार प्रश्न विचारले.

"बरं झालं सांगितलंस. मी तर दूध बाधलं असं समजूनच औषध दिलं असतं! फार पोटात गेलेलं नाही, बरंचसं उलटून पडलंय."

तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी बाळाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. उलट्या थांबल्या तेव्हा दिवे लागले होते. घरी आल्यावर बाळाने काकीच्या नथीला हात घातला. काकी हसली, आणि मग रडायलाच लागली.

मग सगळं भराभर झालं. बाबा स्वतः कमळाकरच्या घरी गेले आणि त्याला हाताला धरून चहाला घेऊन आले. सरपंचांनी नंदकुमारला सगळ्यांसमोर झापलं. आता त्याच्या डब्यांना झाकणं आली आणि त्यांवर लाल रंगात 'विष'!

"काय डोकं चालवलं पोरांनी!" सरपंच म्हणाले. "बकरी आणली म्हणे!"

"आनि खरं बोलायला लई मोठं काळीज लागतं," आजी म्हणाली. तिने पुतळाच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात कितीतरी गोधड्यांच्या टाक्यांनी खरखरीत झालेला होता. पुतळाला वाटलं, आजीने त्यापेक्षा एक धपाटा घातला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुतळाने स्टोव्ह पेटवला, मैदा चाळला आणि पाऊण तास खळ घोटली, एकही गुठळी नाही. आजीने लुगड्यांचे नवे थर अंथरले. पुतळा बोटांनी खळ पसरत होती. हिरामण शेजारी उकिडवा बसला होता.

"ताई, ही खरी खळ?"

"हो."

"चपातीची?"

"हो रे."

तो तिच्याजवळ सरकला. मग त्याने खळीत बोट बुडवलं, चाटलं आणि तिच्याकडे बघून विचारलं,

"ताई, रात्री बाळ रडत होतं ना, तेव्हा तुला माहीत होतं?"