कोरडी बॅग

विमानात हातात न्यायची बॅग कशी भरावी, हे मला कुणी शिकवायला जाऊ नये. मी विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत पडद्यासमोर बसते. लोकांच्या बॅगा यंत्रातून सरकतात आणि त्यांचं पोट माझ्यासमोर उघडं पडतं. धातू निळा दिसतो. कपडे, खाणं, पाणी असलं सगळं नारिंगी. जितकं दाट, तितका रंग गडद. माणसं काय भरतील याचा नेम नाही. एका गृहस्थांनी हातातल्या बॅगेत घरची इस्त्री आणली होती, आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. वर मलाच विचारत होते, "आता वाटेत चक्कर आली तर?" इस्त्री फिरवा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

म्हणून दादाची बॅग भरायचं काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. दादा माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस, आणि पाणी मोजून मापून. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नव्या किडनीसाठी त्याचं नाव नोंदवलेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "फोन कधीही येईल. आला की मिळेल त्या विमानाने निघायचं. उशीर झाला तर किडनी दुसऱ्याला जाईल." पुढच्या फोनची वाट बघण्याइतकं बळ दादाकडे उरलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. तिघांनाही हे ठाऊक होतं.

बॅग दाराजवळच्या स्टुलावर असायची. तळाशी दोघांचे कपडे, गुंडाळून. त्यावर टॉवेल. बाजूच्या कप्प्यात टॉर्च, चार्जर, रिकामी स्टीलची बाटली, बिस्किटं. औषधं सगळ्यात वर, मूळ पाकिटात, म्हणजे कुणी अडवलं तर शोधाशोध नको. दर रविवारी मी बॅग उपसून पुन्हा भरायचे आणि दादा खुर्चीतून मजा बघायचा.

"फौजदारबाई, मलाही एकदा गुंडाळून आत ठेवा. बसेन की मी मावेल तसा."

"तू मावशील रे, तुझी जीभ नाही मावायची," मी म्हणायचे.

एका रविवारी टॉवेल दमट लागला. मी वहिनीला विचारलं.

"वन्सं, मी त्या बॅगेला हात लावायला काय वेडी आहे? तुम्ही घर डोक्यावर घ्याल."

ते खरंच होतं. हवा दमट असेल, असं म्हणून मी दुसरा टॉवेल ठेवला. पुढच्या रविवारी टॉर्च लागेना. सेल नवे होते. बिस्किटांचा पुडा फोडलेला होता आणि निम्मी बिस्किटं गायब होती. मी दादाला फैलावर घेतलं. तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला, आणि वर म्हणाला, "चोरून खायचं तर काहीतरी चांगलं खाईन की! ही तुझी मिळमिळीत बिस्किटं कोण खातो?"

त्यानंतरच्या खेपेला पाकिटातल्या गोळ्या कमी झालेल्या दिसल्या. आता मात्र माझं डोकं फिरलं. औषधांची थट्टा मला खपत नाही. पण दादाने आपला गोळ्यांचा डबा माझ्यापुढे धरला. त्याच्या गोळ्या जिथल्या तिथे होत्या. मग बॅगेतल्या घेतल्या कुणी?

कामावरून मी प्लास्टिकचं एक सील आणलं. एकदा अडकवलं की कापल्याशिवाय निघत नाही. माझ्याच हाताने ते दोन्ही चेनमध्ये अडकवलं आणि निर्धास्त झाले. रविवारी सील शाबूत होतं. मी ते कात्रीने कापलं, चेन उघडली आणि आत हात घातला.

टॉवेल ओलाचिंब होता. पिळला तर पाण्याची धार लागली. मी बोट जिभेला लावलं. पाणी खारट होतं. आमच्या घरापासून समुद्र म्हणजे दिवसभराचा प्रवास. कपडे मी गुंडाळून ठेवले होते, ते चुरगळून कोंबलेले होते. दादाच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, तो दुमडतो तशाच, उजवी जरा जास्त. कुणीतरी ते कपडे घालून काढले होते.

सांगणार काय आणि कुणाला? दादाला सांगावं तर त्याच्या जिवाला घोर, वहिनीला सांगावं तर ती आधीच अर्धी झालेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती बॅग मी लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. बाजारातून नवी आणली, सामान सगळं नवं घेतलं, आणि बॅग माझ्या खोलीत उशाशी ठेवली. ती कोरडी राहिली. रोज उघडून बघत होते, रोज कोरडी. मला तेवढंच हवं होतं.

मग एका दुपारी, मी कामावर असताना, वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आला फोन. किडनी आहे म्हणतात. विमान मिळालंय. आम्ही निघालो."

मला रडूच आलं. पडद्यासमोर बसून बॅगा बघत होते आणि डोळे पुसत होते. जरा वेळाने ती दोघं माझ्याच रांगेत आली. दादा चाकाच्या खुर्चीत, दाढी केलेला, लग्नाला निघाल्यासारखा खुशीत. नात्यातल्या माणसाचं सामान आम्ही तपासायचं नसतं, पण माझ्या जागी बसायला त्या घडीला कुणी नव्हतं. वहिनीने बॅग पट्ट्यावर ठेवली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या यंत्राला एक खोड मुद्दाम लावलेली आहे. अधूनमधून ते चांगल्या बॅगेत खोटीच सुरी किंवा खोटंच पिस्तूल दाखवतं, आम्ही जागे आहोत ना हे बघायला. आम्ही बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं येतात, 'चाचणी होती', आणि काम पुढे चालू होतं. त्यामुळे भलतंसलतं काही दिसलं तरी आम्ही दचकत नाही. बटण दाबतो.

दादाची बॅग पडद्यावर आली. ती या काठापासून त्या काठापर्यंत गडद नारिंगी होती. वरच्या बाजूला एक सरळ रेघ होती आणि रेघेच्या वर थोडी फिकट जागा. हौदात पाणी दिसावं तसं. टॉर्च मी कप्प्यात खोचला होता. तो मधोमध तिरका लोंबकळत होता. बाटली रेघेला टेकून तरंगत होती.

मी बटण दाबलं.

'ही चाचणी नाही,' अशी अक्षरं आली.

बॅगा उघडून बघणारा माझा सहकारी शेजारीच उभा होता. आम्ही त्याला बोलघेवडा म्हणतो, कारण तो तोंडच उघडत नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उघडली. टॉवेल काढला, कपडे काढले, तळाशी हात फिरवला.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

सामान पुन्हा भरून त्याने बॅग परत यंत्रात घातली. या वेळी रेघ दिसली नाही. पडद्यावर बॅग पाण्याने काठोकाठ भरली होती.

"काय झालं गं?" खुर्चीतून दादाने विचारलं.

"दादा, बॅगेत पाणी दिसतंय."

"वा! मला घोटघोट मोजून देता आणि बॅगेला हौदभर?" तो हसला.

तेवढ्यात त्यांच्या विमानाची शेवटची सूचना झाली.

थांबवू का? काय सांगून थांबवू? पडद्यावर पाणी दिसलं म्हणून? तिकडे किडनी बर्फात ठेवलेली. हे विमान गेलं की ती दुसऱ्याची, आणि मग दादा किती दिवसांचा? आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवतात, धोका सामानात असतो. सामान अडवा, माणूस जाऊ द्या. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. तेव्हाही तेच केलं.

"बॅग जाणार नाही," मी म्हटलं.

"वन्सं, अहो, आत्ता कसला हट्ट? औषधं आहेत त्यात!"

औषधं आणि रुग्णालयाचे कागद मी पारदर्शक पिशवीत घालून वहिनीच्या हातात दिले. दादाने माझं मनगट धरलं. त्याचा हात गरम होता.

"राहू दे गं ती बॅग. येतो मी," तो म्हणाला.

ती दोघं वळणाआड गेली. बॅग माझ्याकडे राहिली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. खरंच टाकला. बोलघेवड्याला म्हटलंही, "टळलं बाबा एकदाचं."

विमान पोचलं नाही.

वाटेत समुद्र लागतो. त्यावर असताना विमानाचा संपर्क तुटला, एवढंच सांगितलं गेलं. ना आग, ना वादळ, ना मदतीची हाक. ऑफिसातल्या टीव्हीसमोर सगळे उभे होते. मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मांडी गार लागायला लागली, म्हणून मी खाली पाहिलं.

बॅगेच्या शिवणीतून पाणी ठिबकत होतं.

मी चेन उघडली. टॉवेल भिजला होता. दोघांचे कपडे भिजले होते. बिस्किटांचा पुडा फोडलेला होता. टॉर्च चालूच होता, आणि अजून जळत होता.

मी किंचाळले, असं नंतर लोकांनी सांगितलं.

त्या दिवसापासून मी रोज बॅग भरते. कोरडा टॉवेल, कोरडे कपडे, नवे सेल, बिस्किटं, गोळ्या, भरलेली बाटली. रोज सकाळी उघडते तेव्हा सगळं वापरलेलं असतं. म्हणजे कुणीतरी वापरतंय. कुठे, ते मला माहीत नाही. बोटींनी शोध घेतला, विमानांनी घेतला. सापडलं काहीच नाही. शेवटी शोध थांबवला. नातेवाईक म्हणाले, आता दिवस करून टाक. मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. ज्याच्या गोळ्या रोज संपतात, त्याचे दिवस कसे करायचे?

बोलघेवडा एकदा भेटायला आला. मी त्याच्यासमोर बॅग उघडली. त्याने आत हात घातला, ओला हात रुमालाला पुसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दाराशी बिस्किटांचं खोकं ठेवलेलं होतं.

मी मूर्ख नाही. डायलिसिसशिवाय दादा किती काढेल, हे डॉक्टरांनी मला पूर्वीच सांगितलेलं आहे. टॉवेल भरता येतो, गोळ्या भरता येतात. ते यंत्र काही बॅगेत भरता येत नाही. रोज चेन उघडते, आणि गोळ्या संपलेल्या दिसल्या की मी जमिनीवर बसून रडते, आनंदाने.

काल टॉवेल नुसता ओला नव्हता, बर्फासारखा थंड होता. तिकडे गारठा वाढला असणार. कपाटातून मी दोन स्वेटर काढले, दादाचा मोठा राखाडी आणि वहिनीचा लहान, तांबडा. दोन्ही वेगवेगळे गुंडाळून बॅगेत ठेवले आणि वर औषधं ठेवली.

आज सकाळी चेन उघडली. गोळ्या सगळ्या होत्या. एकही काढलेली नव्हती. खाली दोन्ही स्वेटर ओले होते. मी ते उचलले, तर एकदमच हातात आले. आत तांबडा, वरून राखाडी, बाहीत बाही. एकाच अंगावरून उतरवलेले.