एकतिसाव्या पानावरची मासोळी

पान दोनशे आठवर कंदील विझतो, झोपडीचं दार करकरतं, खुनी आत पाऊल टाकतो... आणि पुढे थेट पुठ्ठा! समृद्धीने पुस्तक उलटंपालटं करून झटकून पाहिलं. शेवट नव्हताच.

‘मिठागरातला मुडदा’, लेखिका इंदुमती खारपाटील. हे नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत नवीन पनवेलच्या छोट्या वाचनालयात, अगदी खालच्या फळीवर तिला ते सापडलं आणि दोन दिवस तिने जेवतानाही खाली ठेवलं नाही. दिवाळीनंतर आई गेली, तेव्हापासून ती कशातच एवढी रमली नव्हती.

आईची एक सवय होती. पुस्तक वाचून संपलं की एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने इवलीशी मासोळी काढायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नसे. या पुस्तकात मासोळी नव्हती. आईने न वाचलेलं इतकं झकास पुस्तक, आणि ते सांगायला आईच नाही! त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघून समृद्धीला रडू आवरेना. निदान शेवट तरी तिला हवाच होता.

वाचनालयाच्या हितेशकाकांचं स्वतःचं वाचन मोबाईलपुरतं. त्यांनी मान वर न करताच निकाल दिला, की कुणा कार्ट्याने पानं फाडली असणार, पुस्तक आता रद्दीत जाईल. पण समृद्धीसोबत आलेल्या तिच्या मित्राने, माजने ते हातात घेतलं. त्याचे अब्बा बाजारात वह्या-पुस्तकं बांधायचे.

“काका, फाडलं असतं तर दातेरी कड राहिली असती. शिलाई तर अख्खी आहे. बांधणाऱ्याने सोळा पानांची शेवटची घडी यात घातलीच नाही.”

“मग ती त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या पुस्तकात गेली असेल,” समृद्धीची मैत्रीण प्रांजल म्हणाली.

काकांना म्हणे वेळ नव्हता. पण प्रांजलने पिच्छा पुरवून जुनी नोंदवही काढायला लावली. दोन वर्षांपूर्वी वीस पुस्तकं एकदम पळस्प्याला बांधायला गेली होती. सगळ्यांना या पुस्तकासारखंच हिरवं कापड! मग काय, तिघांनी कपाटं पालथी घातली. अठरावं पुस्तक निघालं ‘घरगुती लोणची’, आणि त्यात लिंबाच्या गोड लोणच्यानंतर लगेच पान दोनशे नऊ!

समृद्धीने तिथेच फरशीवर बसून ते वाचून काढलं. खुनी निघाला तो बावळट पोस्टमन. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं होतं.

“ही पानं कुठल्या गोष्टीची? पोस्टमन भारी आहे. सुरुवात शोधली पाहिजे, समूला आवडेल.”

तिने एकतिसावं पान उघडलं. कैरीच्या तक्कूशेजारी मासोळी होती.

समृद्धी हमसून हमसून रडली. माज आणि प्रांजल तिला खेटून बसले. हितेशकाकांनी मोबाईल खिशात ठेवला.

“काखेत कळसा म्हणतात तो हा. दोन वर्षं माझ्या नाकाखाली होतं. चूक माझी, आणि शोधलंत तुम्ही. शाबास रे पोरांनो!” पानं स्वतः जागेवर बसवून आणतो, असं सांगून त्यांनी समृद्धीपुढे पेन्सिल धरली.

‘मिठागरातला मुडदा’च्या एकतिसाव्या पानावर तिने आईची मासोळी काढली. शेपटी जरा वाकडी आली. मग तिच्या शेजारी समृद्धीने दुसरी काढली, स्वतःची.