संगीत खुर्चीचे साहेब

शिरगावच्या किनाऱ्यावर साखरबाईंनी वाळत घातलेल्या जवळ्यावर एक उंच माणूस फोनवर बोलत बोलत सरळ चालत आला.

"आंदला हाय का रे?" साखरबाई ओरडल्या.

तो दचकून मागे सरला आणि त्याने आणखी जवळा तुडवला. "सॉरी... मला वाटलं वाळू आहे."

"वाळूला मिशा असतात?" त्यांच्या लेकीने, उन्नतीने, कमरेवर हात ठेवून विचारलं.

त्याला हसू फुटलं. तिला मुळीच नाही. पण तो खाली बसून जवळा वेचू लागला, तेव्हा वाऱ्याने कपाळावर आलेले त्याचे केस तिला उगाचच दिसत राहिले.

सोमवारी बोईसरच्या औषध कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर म्हणून ती नव्या मॅनेजरच्या स्वागताला उभी राहिली आणि तिने कपाळावर हात मारला. तोच! दर्पण सावे.

नवी यंत्रं येणार, अशी नोटीस नुकतीच लागली होती. कोण राहणार, कोण जाणार, वरचे काही बोलत नव्हते. पॅकिंगच्या बायकांना घास गिळवत नव्हता. आणि या गृहस्थाने काय करावं? सगळ्यांचं मन रमावं म्हणून कॅन्टीनमध्ये संगीत खुर्ची ठेवली!

"सर," उन्नती दातओठ खात म्हणाली, "दर फेरीला एक खुर्ची कमी होते. हा खेळ... आत्ता?"

पॅकिंगमधली गोजराबाई खुर्ची घट्ट धरून बसली होती. डोळ्यांत पाणी. दर्पणचा चेहरा उतरला. त्याने गाणं बंद केलं.

"मग काय करू?"

"खरं सांगा."

"मलाच पूर्ण माहीत नाही."

"मग तेच सांगा ना!"

त्याने सांगितलं, अडखळत, घाम पुसत. मग रोज चहाच्या वेळी येऊन तो कळलेलं सांगे, न कळलेलंही. वरिष्ठांशी भांडून त्याने यंत्राचं प्रशिक्षण आधी याच बायकांना मिळवून दिलं. गोजराबाईला मात्र दुसऱ्या युनिटात जावं लागणार होतं. ते सांगायला तो स्वतः तिच्या शेजारी जाऊन बसला. ती रडली, भांडली, शेवटी म्हणाली, "तोंडावर सांगितलंस पोरा, बरं केलंस."

उन्नती लांबून बघत होती. आता त्याचा राग येईना, याचाच तिला राग आला.

यंत्रं सुरू झाली. एका संध्याकाळी रिक्षा स्टँडवर तो तिच्याजवळ आला. "मी वापीला चाललो. बदली."

"आत्ता कुठे सगळं बसलं होतं! कोणी केली बदली?"

"मीच मागितली."

"का?"

"तुम्हाला काही विचारायचंय..." त्याचे कान लाल झाले. "इथे मी तुमचा साहेब. विचारलं तर 'नाही' म्हणणं तुम्हाला जड जाईल. म्हणून तिथून विचारणार होतो."

रिक्षावाला ओरडला, "मॅडम, एक सीट है, बैठो!" उन्नतीने 'तू जा' असा नुसताच हात हलवला.

"अख्खा विभाग तुमच्या शब्दावर चालतो," ती वैतागून म्हणाली, "आणि तुम्हाला एक वाक्य बोलायला वापी गाठावी लागते?"

"म्हणजे... आत्ता विचारू?"

"मी हो म्हणणार आहे," ती भराभर बोलली, "पण अहो, विचारा तरी!"