मोटार थांबली की

वैजयंताच्या घरात एक मोटार होती. पाण्याच्या पंपाला असते तशीच, पण तिला पंप जोडलेला नव्हता. लाकडी पाटावर ठोकून बसवलेली ती मोटार दिवसरात्र नुसतीच फिरत असे. लाइट गेली तर ती बॅटरीवर चाले, आणि ती बॅटरी दगा देईल म्हणून शेजारी दुसरी तयार असे.

"वैजू, तुझी मोटार दळते तरी काय गं?" शेजारणी विचारत.

"रात्र दळते," वैजयंता म्हणे. "पीठ हवंय का?"

बायका हसत. पण त्या मोटारीची खरी थट्टा कोणी करत नसे. ती थांबली की काय होतं, ते साऱ्या वसाहतीने ऐकलं होतं.

मोटार थांबली की मैना किंचाळायची. मैना वैजयंताची सहा वर्षांची मुलगी. तिचे ओठ निळे पडत, हातपाय ताठ होत. मोटार पुन्हा सुरू झाली की ती आईच्या छातीला कान लावून पडून राही आणि तशीच झोपून जाई. उठल्यावर तिला काही आठवत नसे. "आई, भूक लागली," एवढंच म्हणे. बाहेर, जिथे काही ना काही आवाज चालूच असे, तिथे तिला काही होत नसे.

ही वसाहत भेंडकोंडच्या माणसांची. मैना जन्मायच्या आधी त्यांच्यावर डोंगर कोसळून आला होता. पाऊण गाव गेलं. वैजयंताचा नवरा गेला. सातवा महिना चालू असताना ती स्वतः दीड दिवस मातीखाली होती. अशी माणसं पावसाळा आला की थरथरत असतील, असं कोणालाही वाटेल. पण ती पावसात गाढ झोपत, कारण सगळ्यांची गाळणी झाली होती.

गाळणी हे लोकांनी दिलेलं नाव. दवाखान्याच्या पाटीवर 'भयनिष्कासन' असं लिहिलेलं असे, पण तो शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही. हात मोडला की प्लास्टर घालतात, तसं मोठा अपघात झाला, घर जळलं, कोणी अंगावर आलं की माणसं गाळणी करून येत. त्यामागचं शास्त्र डॉक्टर मीनल हर्डीकर तुपाचं उदाहरण देऊन सांगत. आठवण ही थिजलेल्या तुपासारखी असते. आपण ती आठवली की पातळ होते, आणि काही तासांनी पुन्हा थिजते. ती पातळ असताना एक इंजेक्शन दिलं, की तिच्यातली भीती पुन्हा थिजत नाही. काय घडलं ते सगळं आठवतं, पण आठवताना छाती धडधडत नाही. तूप राहतं आणि बेरी तेवढी निघून जाते.

"बेरी काय टाकायची वस्तू हाय?" वैजयंताची सासू, सुलोचनाबाई, तेव्हाच म्हणाली होती. "साखर घालून पोरं खातात ती." तिने गाळणी करून घेतली नाही. भेंडकोंडात तशी ती एकटीच उरली.

मैनाला तपासून झाल्यावर डॉक्टर हर्डीकरांनी तिला बाहेरच्या पाळण्यावर खेळायला पाठवलं आणि सासूसुनेला समोर बसवलं.

"तिचं हृदय थकायला लागलंय," त्या म्हणाल्या. "असे झटके येत राहिले तर ती मोठी होईपर्यंत ते टिकणार नाही."

"मग तिची गाळणी करा ना, डॉक्टरबाई. माझी केलीत तशी."

"गाळायला आधी तूप लागतं, वैजयंताताई. तिच्याकडे आठवणच नाही. ती तेव्हा पोटात होती."

"आठवण नाही तर भीती आली कुठून?"

"तुमच्याकडून."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सातव्या महिन्यात बाळाला ऐकू येत असतं. वरचं खोदायचं मशीन मैनाने पोटात ऐकलं होतं. ते थांबलं की प्रत्येक वेळी आईचं काळीज उसळी घेई आणि भीती रक्तातून नाळेत उतरे. त्यात चित्र नव्हतं की शब्द नव्हता. आवाज थांबला की भ्यायचं, एवढा एकच धडा ती जन्माला येताना घेऊन आली होती. आताच्या झटक्यांची आठवणही राहत नाही, कारण इतक्या भीतीत डोकं काही साठवतच नाही.

"बरोबर आहे," वैजयंता म्हणाली. "मशीन थांबलं की मला वाटायचं, गेले सगळे. मेली समजून गेले." कालची भाजी काय होती हे सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं.

सुलोचनाबाई गर्रकन वळली. "गेले? अगं, तुझा आवाज यावा म्हणून थांबवायचे मशीन! माझा मोहन मशीनवरून हात वर करायचा, की सगळे गप्प. एवढी माणसं श्वास धरून उभी. मी तर जमिनीला कान लावून पडलेली. आणि तुला वाटलं आम्ही गेलो?"

"मातीखाली कसं कळणार, आत्याबाई?"

"म्हणजे आम्ही गप्प झालो की तू..." सासूने पदर तोंडाला लावला.

सहा वर्षांत हे बोलणं दोघींत कधी झालं नव्हतं. सासूला बोलवत नव्हतं, आणि सुनेला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं.

डॉक्टरांना एक उपाय सुचला. आठवण नसेल तर ती द्यायची. आईने लेकीला पोटाशी धरून सगळं सांगायचं. मैनाच्या शरीराला आईच्या काळजाची ती धडधड ओळखीची होती. सांगताना तशीच धडधड तिच्या कानाशी झाली, तर भीतीला ती गोष्ट चिकटेल. मग गाळता येईल.

वैजयंताने मैनाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. दरवाजा कसा वाकला, तोंडात माती कशी गेली, बाबांचा आवाज कधी बंद झाला. काही वगळलं नाही. वैजयंताच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर काळजाचे ठोके दिसत होते. ते एकदाही वाढले नाहीत.

मैना पाय हलवत ऐकत होती. "मग ती बाई बाहेर आली?"

"ती बाई म्हणजे मीच गं."

"तू नाहीस. ती घाबरलेली असणार."

"मी घाबरले होते, मैना."

"खोटं," मैना म्हणाली, आणि पाळण्यावर जाऊ का म्हणून विचारू लागली.

ती बाहेर गेल्यावर वैजयंताने डॉक्टरांचा हात धरला. "माझी भीती मला परत द्या. थोडी द्या. तिला सांगण्यापुरती."

"परत देता येत नाही हो. मी ठेवलेली नाही कुठे."

"तुम्ही म्हणालात, बऱ्या व्हाल."

"बऱ्या झालात की," डॉक्टर म्हणाल्या.

वैजयंताने तेवढ्यावर सोडलं नाही. मोहन तिचा धाकटा दीर. डोंगर आला तेव्हा पोकलेन चालवून मातीखालची वहिनी त्यानेच वर काढली होती. वसाहतीमागच्या माळावर त्याचं काम चालू होतं. ती भर दुपारी तिथे गेली.

"एक खड्डा काढा, भाऊजी. मी आत उतरते. वरून फळ्या टाका, माती लोटा. मशीन चालवा आणि मध्येच बंद करा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?"

"ते फारच ठिकाणावर आहे. तेच तर दुखणं आहे."

मोहनने आईला फोन करायची धमकी दिली, कपाळावर हात मारून घेतला आणि शेवटी ऐकलं. फळ्यांना फट ठेवली, माती बेताने लोटली. मशीन चालवलं. मग बंद केलं. माळावर शांतता पसरली आणि तो कान देऊन उभा राहिला. हात नकळत वर गेला होता. आतून काही आवाज येईना. आपण काय करून बसलो, असं वाटून त्याने हातानेच माती उपसली आणि फळी उचलली.

वैजयंता खाली झोपली होती. कित्येक रात्रींचं जागरण होतं, आणि खड्ड्यात गार होतं.

डॉक्टर हर्डीकरांनी मग दुसरा उपाय काढला. मैनाला आधी सांगून, तिच्या डोळ्यांसमोर मोटार बंद करायची. बंद करणाऱ्या माणसावर तिचा विश्वास हवा, आणि तो माणूस अजिबात भ्यायला नको. म्हणजे मैनाची भीती डोकं बंद पडण्याइतकी वाढणार नाही, झटका तिच्या आठवणीत राहील आणि गाळता येईल.

"तुमचा हा शांतपणाच कामाला येईल," त्या म्हणाल्या.

"आणि गाळताना दुसरं काही जाईल का?"

"भीतीला जे चिकटलं असेल ते थोडं जातं. काय चिकटलंय, ते आधी सांगता येत नाही."

वैजयंता विचार करत राहिली. पण हृदय थकत चाललंय हे ऐकल्यावर विचार तरी कसला करायचा?

तिने मैनाला समोर बसवलं. "मी आता मोटार बंद करते. मी इथेच आहे." आणि बटण दाबलं. मैना किंचाळली. निळी पडली, आईच्या लुगड्याला धरून ओढू लागली, आणि सगळा वेळ आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते तोंड शांत होतं. सासू दाराबाहेर उभी राहून ओरडत होती, "लाव गं मोटार! कसाईण आहेस का?" वैजयंता हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मैनाने सगळं जसंच्या तसं आठवून सांगितलं. इंजेक्शन दिलं. संध्याकाळी घरी आल्यावर वैजयंताने मोटार बंद केली.

काही झालं नाही. मैना जमिनीवर सागरगोटे खेळत होती, ती खेळतच राहिली. सुलोचनाबाईने आधी देवाला हात जोडले, मग साखरेचा डबा काढला आणि घरोघर वाटायला निघाली. शेजारणी दाराशी येऊन ती शांतता ऐकून गेल्या. त्या घरात भिंतीवरची पालसुद्धा ऐकू येते, हे आजवर कोणाला माहीत नव्हतं.

मायलेकींची जेवणं झाली. वैजयंताने अंथरूण घातलं आणि नेहमीसारखी कूस उघडी ठेवली. मैना आली, छातीला कान लावून क्षणभर पडली आणि उठून बसली.

"मी आतल्या खोलीत झोपते."

"का गं?"

"तुझ्या छातीत सारखं वाजतं. झोप येत नाही."

उशी उचलून ती गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

आपल्याला आता भीती वाटायला हवी, हे वैजयंताला कळत होतं. तिने वाट पाहिली. भीती वाटली नाही. मग ती उठली, आतल्या भिंतीशी गेली आणि श्वास धरून भिंतीला कान लावला. सासू साखर वाटून परत आली, उंबऱ्यात तोंड उघडून काही बोलणार होती. वैजयंताने हात वर केला.

दोघी गप्प उभ्या राहिल्या. पलीकडे मैना गाढ झोपली होती; आवाज आला नाही.