पाटीआजींच्या बाद नोटा

"निघाल्या! निघाल्या!" ढोल जिन्यातून ओरडला.

"अरे हळू! अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं!" वकिलाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पण हळू बोलता आलं असतं, तर त्याला ढोल म्हटलं कशाला असतं कुणी? वकील त्याचा थोरला भाऊ. दात घासतानासुद्धा वाद घालायचा, म्हणून वकील. आणि कठड्याला लटकून खाली बघणारी तिसरी ती शिट्टी. पुढच्या दोन दातांत फट असल्यामुळे तिच्या बोलण्यात मधूनच शिट्टी वाजायची.

शिट्टी या इमारतीत नवीन होती. जुन्या मैत्रिणी जुन्या गावात राहिल्या. बाबा लांब कामाला, आई दवाखान्यात नर्स. सकाळी आई दार ओढून गेली की संध्याकाळपर्यंत घरात फक्त फ्रिज तेवढा घुरघुरायचा. सुट्टीत हे दोघे भाऊ भेटले म्हणून बरं, नाहीतर बोलायचं विसरलीच असती बिचारी! पण तेही परवा मामाकडे जाणार होते.

तर निघाल्या होत्या तळमजल्यावरच्या पाटीआजी. त्यांचे यजमान, म्हणजे आजोबा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, म्हणून ते पाटीवाले आणि या पाटीआजी. आजोबा मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून आजी जिन्यात भेटल्या तरी नुसती मान हलवायच्या. पण हल्ली रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, पिशवी घेऊन निघायच्या त्या थेट बँकेत!

जुन्या नोटा चलनातून बाद झाल्या होत्या. त्या बदलून द्यायला बँकेने वेगळी खिडकी उघडली होती, आणि उद्या तिचा शेवटचा दिवस. त्यानंतर त्या नोटांचे नुसते कागद! इमारतीतली सगळी माणसं एकेकदा जाऊन मोकळी झाली होती. आजी मात्र रोज जातच होत्या.

"एवढ्या नोटा येतात कुठून?" ढोल म्हणाला. "छापतात की काय?"

"बाद नोटा कोण छापेल, शहाण्या?" वकील म्हणाला. "चला पाठोपाठ!"

बँकेबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिघं टपालपेटीमागे दबा धरून बसले. आणि काय आश्चर्य! जिन्यात मान हलवणाऱ्या आजी रांगेत चक्क गप्पा मारत होत्या! एका बाईचं बाळ त्यांनी कडेवर घेतलं होतं. पुढचा माणूस चहा प्यायला गेला, तर त्याची जागा धरून ठेवली. कुणाच्या तरी बोलण्यावर त्या खळखळून हसल्या, तेव्हा शिट्टी बघतच राहिली.

खिडकी जवळ आली तशी आजी मागच्याला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही." मग त्याच्या मागच्यालाही तेच.

"अगंबाई!" शिट्टी कुजबुजली. "लोक पुढे घुसायला भांडतात, आणि या मागे सरकतायत?"

आजींनी पिशवीतून घडी केलेली एक नोट काढली. एकच. तेवढ्यात वॉचमनच्या मागोमाग बँकेचे मोठे साहेब बाहेर आले.

"थांबा, आजी. रोज येता तुम्ही. आणि तुमच्या प्रत्येक नोटेला तोच उग्र वास! कुणाचा साठा बदलून देताय? टक्केवारी किती मिळते?"

"अहो, माझ्याच आहेत," आजी कशाबशा म्हणाल्या.

"असं सगळेच म्हणतात. उद्या येऊ नका. आलात तरी घेणार नाही!"

शिट्टीला पुढचं बघवेना. मघाशी हसणारी माणसं एक एक पाऊल लांब सरकली. त्या बाईने आजींच्या कडेवरचं बाळ काढून घेतलं. आजींनी नोट पिशवीत टाकली आणि कुणाकडेही न बघता त्या घराकडे चालू लागल्या.

"म्हणजे आजी चोर?" ढोलने विचारलं, अर्थात ओरडूनच.

"पुरावा कुठाय?" वकील बँकेच्या दारावरच्या फलकाकडे बघत होता. "काय लिहिलंय बघ. एका वेळी वीस नोटा बदलता येतात. शिट्टे, आजींकडे किती होत्या?"

"एकच! मी नीट बघितलं."

"मग टक्केवारीवर काम करणारा माणूस वीस सोडून एकच का आणेल? दिवाळं निघेल त्याचं! साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पण मग एकच का?" शिट्टी म्हणाली. "चला, आजींनाच विचारू."

दार आजींनीच उघडलं. आत शिरताच नाकात वास घुसला. टर्पेंटाइन! रंग पातळ करायचं तेल. कोपऱ्यात रंगाच्या डब्यांची उतरंड होती, प्रत्येकावर सुकलेले ओघळ, लाल, निळे, पिवळे.

"हाच तो वास!" ढोलने खोली दणाणून सोडली.

आजींनी एका डब्याचं झाकण काढलं. आत रंग नव्हता. नोटांच्या सुरळ्या होत्या.

"यांचा डब्यांवर फार भरवसा," आजी म्हणाल्या. "रंगाच्या डब्यात कोण चोर हात घालणार, म्हणायचे. मलाही सांगितलं नाही कधी. ते गेल्यावर आवराआवर करताना सापडल्या. माझं घरभाडं यातूनच जायचंय. नाहीतर खोली सोडून पुतण्याकडे. त्याला तर मी नकोच आहे."

"अहो, मग सगळ्या एकदम का नाही नेल्या?" वकील कळवळून म्हणाला.

आजींनी झाकण परत लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"एकदम दिल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी कुठे जायचं होतं मला?" त्या म्हणाल्या. "रांगेत माणसं बोलतात रे. तुम्ही कुठल्या, गुडघे कसे आहेत, विचारतात. इथे दिवसच्या दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. एकटीला घर खायला उठतं. म्हणून रोज एक नेत होते. वेडेपणाच की!"

शिट्टीला आपलं घर आठवलं. तो फ्रिज, ती लांबलचक दुपार! तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

"वेडेपणा नाही, आजी," ती म्हणाली. "पण उद्या सगळ्या न्यायच्या. आम्ही येतो बरोबर."

"नको गं. पुन्हा त्या सगळ्यांसमोर? नको. कागदच तर आहेत."

"मग तुम्ही पुतण्याकडे जाणार, हे दोघे मामाकडे जाणार, आणि इमारतीत मी एकटीच राहणार?" शिट्टीला रडूच फुटलं. "चालेल तुम्हाला?"

आजींनी पदराऐवजी हाती आलेल्या रंगाच्या फडक्यानेच तिचे डोळे पुसले, आणि शिट्टीच्या गालावर निळा पट्टा उमटला.

दुसऱ्या दिवशी चौघांच्या हातात एकेक डबा होता. वॉचमनने लांबूनच हात आडवा केला. "आजी, साहेबांनी सांगितलंय ना? परत जा!"

"साहेबांना बाहेर बोलवा," वकील म्हणाला.

"साहेब कामात आहेत. पळा, पोरांनो!"

वकील ढोलच्या कानाशी लागला. "आता बोल. आणि आज अजिबात हळू बोलू नकोस!"

असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं! ढोलने छाती भरून श्वास घेतला. "टक्केवारीवर नोटा बदलणारा माणूस, वीस चालत असताना, रोज एकच नोट आणेल का होऽऽ?"

अख्खी रांग वळली. खिडकीतून कॅशियरने डोकं बाहेर काढलं. आणि मोठे साहेब धावतच आले. "काय आरडाओरडा चाललाय?"

"साहेब, आजी रोज किती नोटा देत होत्या, ते तुम्ही विचारलंत का कधी?" वकिलाने गाठलंच त्यांना.

साहेबांनी कॅशियरकडे पाहिलं. कॅशियर डोकं खाजवत म्हणाला, "एकच, साहेब. मला वाटलं, घरात रोज एखादी सापडत असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंच कुठे?"

"आणि हा वास!" शिट्टीने डबा साहेबांच्या नाकाखाली धरला. साहेब दोनदा शिंकले! "आजोबा पाट्या रंगवायचे. त्यांनी यातच साठवल्या. फलकावर लिहिलंय, वीसपेक्षा जास्त नोटा स्वतःच्या खात्यात भरता येतात. आजींचं खातं याच बँकेत आहे!"

साहेबांनी सुरळीचा वास घेतला. ओघळांनी भरलेल्या डब्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"आजी, माझं चुकलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी चौकशी न करताच बोललो. आत या. मी स्वतः भरून घेतो."

खिडकी बंद व्हायच्या आत सगळं खात्यात जमा झालं. साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. "मी वासावर गेलो. तुम्ही डोळे वापरलेत. शाबास!" संध्याकाळी आईने शिट्टीला कुशीत ओढलं आणि म्हणाली, "माझी गुणाची पोर ती!" मग आदल्या दिवसापासून न निघालेला गालावरचा निळा पट्टा साबणाने घासून घासून काढला.

आणि सकाळी दोघं भाऊ गेले. टॅक्सी वळेपर्यंत ढोलचा आवाज ऐकू येत होता, "शिट्टेऽऽ, येतो गंऽऽ!" मग तोही थांबला.

शिट्टी जिन्यात बसून राहिली. थोड्या वेळाने उठून ती आजींच्या दाराशी गेली. कुलूप! पुतण्याकडे तर नाही गेल्या? ती धावत सुटली. थेट बँकेपाशी.

खिडकीवर फळी ठोकलेली होती. रांग नव्हती. रिकाम्या पायरीवर इस्त्रीचे कपडे घातलेल्या आजी एकट्याच बसल्या होत्या, हातात घडी केलेली एक जुनी नोट.

"आजी! ही राहून गेली?" शिट्टीला धाप लागली होती. "आता तर बदलूनही मिळणार नाही!"

"राहिली नाही गं. मी ठेवली." आजी ओशाळून हसल्या. "म्हटलं, रोज येऊन विचारीन, ही चालते का. नाही म्हणायला तरी कुणीतरी बोलेल ना माझ्याशी?"

शिट्टी त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"मला विचारा," शिट्टी म्हणाली.

"काय?"

"विचारा तर."

आजींनी नोट उलगडून तिच्यापुढे धरली. "चालते का हो ही नोट?"

"नाही चालत," शिट्टी म्हणाली. "उद्या परत विचारा. मी घरीच असते."