बॉनेट गरम होतं

त्या सकाळी पिकअपच्या बॉनेटचं तापमान सदतीस अंश होतं. हवेचं एकोणीस.

दोन्ही आकडे माझ्या वहीत आहेत. वेळही आहे, दहा वाजून वीस मिनिटं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि जे मोजलं ते लगेच लिहायचं ही जुनी सवय आहे. म्हणून आधीच सांगते, पुढचं काहीही रचलेलं नाही. रात्र नव्हती, अंधार नव्हता, वीजही गेली नव्हती. स्वच्छ ऊन पडलं होतं.

गाडीचा नंबर मात्र मी लिहिणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आमचं काचेचं दुकान आहे. नवरा काच कापतो आणि गाडी चालवतो. धाकटा दीर, म्हणजे भाऊजी, घरोघरी जाऊन काच बसवतात. आमच्या गाडीच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायची लाकडी चौकट असते, त्यामुळे गाडी मागे घेताना चालकाला मागचं काही दिसत नाही. मग भाऊजी मागे उभे राहून हौद्याच्या पत्र्यावर हाताने ठोकतात.

दोन ठोके म्हणजे, ये.

एक ठोका म्हणजे, थांब.

दोघं भाऊ बारा वर्षं असंच काम करत होते.

जुनी गाडी पार थकली तेव्हा सेकंडहँड पिकअप बघायचं ठरलं. ओळखीचे गॅरेजवाले काका त्या दिवशी बरोबर येऊ शकत नव्हते. त्यांनी मला फोनवर यादी दिली.

"घ्या लिहून, वहिनी. जाहिरातीतला फोटो आणि लग्नातला फोटो, दोन्हींवर विश्वास ठेवायचा नाही. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं की समजायचं, तुम्ही यायच्या आधी मालकाने गाडी चालू करून ठेवली. थंड इंजिन सुरू होताना रडतं, खोकतं, धूर ओकतं. ते लपवायला हा उद्योग."

"आणि?"

"डिपस्टिक काढा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. धूर निळा असेल तर तेल जळतंय. टायर एकाच कडेने झिजला असेल तर चासी वाकलेली असू शकते. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. गंजलेला पत्रा बद्द वाजतो."

मी सगळं लिहून घेतलं. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, म्हणून प्रयोगशाळेतलं, न टेकवता दुरून मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटरही पर्समध्ये टाकलं.

गाडी एका घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मालकीणबाई किल्ली हातात घेऊनच आल्या. मागच्या खिडकीच्या बंद काचेआड एक माणूस बसला होता. मांडीवर घोंगडी. तो बाहेर आला नाही.

चकचकीत पत्र्यावर आकडा चुकतो, म्हणून मी बॉनेटवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि थर्मामीटर धरलं.

नवरा हसला. "गाडीला ताप आलाय का बघतेस?"

सदतीस.

"सकाळी चालू केली होती का?" मी बाईंना विचारलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे बघितलं. मग खाली.

"हो. मीच चालू केली होती. थंडीत जरा कुरकुरते."

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, "पकडलं!"

मलाही तेच वाटलं. लबाडी सापडली, आता किंमत खाली आणता येईल.

बाकी गाडी चांगली निघाली. धूर नाही, टायर सारखे, पत्रा खणखणीत. डिपस्टिक मी स्वतः पुसली. तेल स्वच्छ होतं, आणि बोटाला गार लागलं.

तेही मी लिहिलं. 'बॉनेट गरम.' त्याखाली तीन ओळी सोडून, 'तेल गार.'

दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात आहेत. मी त्या एकत्र वाचल्या नाहीत.

यादीच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. 'मागचा बंपर अगदी नवा. चांगलं.'

आम्ही व्यवहार ठरवत होतो, तेवढ्यात...

ठक.

खिडकीतल्या माणसाने काचेवर बोटाच्या पेराने ठोकलं होतं. एकदाच. तो आमच्याकडे बघत होता.

"लक्ष देऊ नका," बाई म्हणाल्या. "ते आजारी असतात."

एक ठोका म्हणजे थांब. पण ते आमच्यात. त्या माणसाला आमचं काय माहीत?

गाडी घरी आली. कागदावर माझं नाव लागलं.

पहिल्याच आठवड्यात आवाज सुरू झाला.

रिव्हर्स टाकला की केबिनच्या मागून... ठक, ठक.

पुढे जाताना नाही. उभी असताना नाही. फक्त मागे घेताना, आणि दरवेळी दोनदाच.

काका म्हणाले, केबिनचे रबर गेलेत. ते बदलले. आवाज राहिला. मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. आवाज राहिला. शेवटी मीच म्हटलं, गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा. रिव्हर्समध्ये इंजिनचा झोक उलट्या बाजूला जातो, सैल झालेला भाग तेव्हाच आपटतो.

"वहिनी, तुम्ही पाणी कशाला तपासता? या माझ्या गॅरेजात," काका म्हणाले.

माउंटिंग बदललं आणि आवाज थांबला.

दोन आठवडे अगदी शांत. नवरा निर्धास्त झाला. पत्र्यावर ठोका पडला की तो भाऊजींचाच, असं पुन्हा ठरून गेलं.

त्या निर्धास्तपणाला कारण माझं स्पष्टीकरण होतं.

तो शनिवार होता. दुपारचे सव्वातीन. मोठे आरसे चढवायचे होते, म्हणून नवरा गाडी दुकानाच्या मागच्या भिंतीकडे घेत होता. मागे भाऊजी. मी दुकानाच्या दारात उभी होते, मध्ये सात-आठ पावलांचं अंतर.

भाऊजींनी दोनदा ठोकलं. गाडी आली.

मग त्यांनी एकदा ठोकलं. गाडी थांबली.

ते चौकटीची दोरी बघायला भिंत आणि गाडीच्या मधे गेले, आणि...

ठक, ठक.

गाडी मागे आली.

भाऊजी वळले आणि त्यांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले, जणू भिंतच मागे सरकवणार होते. ते ओरडले. ब्रेक लागला. मला वाटलं, सुटलं.

ठक, ठक.

मी पत्र्याकडे बघत होते. पत्र्याजवळ कुणीच नव्हतं. भाऊजींचे दोन्ही हात भिंतीवर होते, दहाही बोटं मला दिसत होती.

नवऱ्याचा पाय ब्रेकवरून उठला. बारा वर्षांची सवय.

भाऊजींचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मामीटर घेऊन गाडीजवळ गेले. अठरा तास तिला कुणी हात लावला नव्हता. आधी बॉनेट उघडून इंजिन मोजलं. अठरा अंश. रेडिएटर, अठरा. हवा, अठरा.

मग बॉनेटचा पत्रा मोजला. सदतीस.

दार, सदतीस. हौद्याचा पत्रा, सदतीस. नवा बंपर, सदतीस.

इंजिन गार होतं. गाडी गरम होती.

सदतीस अंश कशाचं तापमान असतं, ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

मी त्या बाईंच्या घरी गेले. कुलूप होतं. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, जागा सोडली त्यांनी.

"नवऱ्याची अवस्था तशी. दोन्ही पाय गेले ना बिचाऱ्याचे."

"कशाने?"

"गाडी मागे घेताना. भिंतीत चिरडले."

"चालवत कोण होतं?"

तो वजनकाटा पुसू लागला. "बाईच चालवायच्या," म्हणाला.

"त्यांनी ती गाडी कुणाकडून घेतली होती?"

"ते कुणाला ठाऊक? जुनीच घेतली होती त्यांनीही."

भाऊजी घरी आले तेव्हा नवरा त्यांच्या खाटेजवळ बसला आणि पहिलं वाक्य हे बोलला, "दोनदा का ठोकलंस रे?"

"एकदा ठोकलं मी, दादा."

"दोनदा ऐकलं मी. नंतर परत दोनदा."

"म्हणजे मी स्वतःलाच चिरडून घेतलं? मला काय हौस होती?"

"मग मी मुद्दाम केलं, असं म्हणायचंय तुला?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही दारात होतात. माझे हात कुठे होते? सांगा ना दादाला."

जे सिद्ध करता येत नाही ते मी बोलत नाही, अशी माझी घरात ख्याती आहे. त्या क्षणी मी त्या ख्यातीमागे लपले.

"मला नीट दिसलं नाही, भाऊजी," मी म्हणाले.

त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच टेबलावर. मीठ हवं असलं तरी माझ्याकडे मागायचे.

गाडी दुकानामागे तशीच उभी राहिली. मी रोज सकाळी मोजायचे. उन्हाळ्यात हवा चाळीसच्या वर गेली, तेव्हा तो पत्रा हाताला गार लागायचा. सदतीस. पावसात भिजून चिंब झाली तरी सदतीस. वही भरली, दुसरी घेतली.

नवरा म्हणायचा, "विकून टाकू. त्याच पैशात त्याचा पाय बसेल. चांगला, गुडघ्यात वाकणारा."

भाऊजी म्हणायचे, "मोडीत द्या, वहिनी. माझ्यासमोर कापा तिला. भंगारात येईल तेवढं येऊ दे. मी कुबड्यांवर जगेन."

"काय ठरलं?" नवरा रोज संध्याकाळी विचारायचा. गाडी माझ्या नावावर होती, सही माझी लागणार होती.

"बघू," मी म्हणायचे. दहा महिने मी 'बघू' म्हणत राहिले.

मग थंडी पडली आणि एका सकाळी गिऱ्हाईक आलं. जाहिरात नवऱ्याने परस्पर दिली होती, बॅटरीही भरून आणली होती. तो स्वतः दुकानातून बाहेर आला नाही.

दोघं भाऊ होते. फर्निचर पोचवायचं काम. थोरल्याच्या मोबाइलमध्ये यादी होती, माझ्यासारखीच. त्याने टायर बघितले, चासी ठोकून बघितली, डिपस्टिक पुसली.

"आणि हा माझा धाकटा," तो म्हणाला. "मी चालवतो, हा मागे असतो. बडबड्या आहे, पण डोळे चांगलेत."

"दादाला आरशात फक्त स्वतःच्या मिशा दिसतात हो," धाकटा म्हणाला. "बाकी सगळं मलाच बघावं लागतं."

थोरला गाडीत बसला, चालू केली, रिव्हर्स टाकून हातभर मागे घेतली. धाकटा माझ्या शेजारी उभा होता, हात खिशात. आणि हौद्याकडून...

ठक, ठक.

"केबिनचे रबर गेलेत," थोरला खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "किरकोळ काम आहे."

त्याने गाडी बंद केली आणि उतरला. "बंपर नवाच दिसतोय. बरं झालं," म्हणाला.

मग काहीतरी आठवल्यासारखा थबकला. "अरे, सगळ्यात आधी हे बघायचं राहिलंच," म्हणत त्याने बॉनेटवर तळहात टेकवला. आत्ता जेमतेम अर्धं मिनिट इंजिन चाललं होतं. तेवढ्याने पत्रा तापत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"ताई, गरम लागतंय. सकाळी चालू करून ठेवली होती का?"

त्याचा चेहरा मी ओळखला. लबाडी सापडल्याचा आनंद. गेल्या थंडीत तो माझ्या चेहऱ्यावर होता.

मागे, दुकानाला लागून असलेल्या आमच्या घराच्या खिडकीत, भाऊजी बसले होते. एक पांघरूण मांडीवर, उजव्या बाजूला सपाट. मी न बघताही मला ते ठाऊक होतं.

ठक.

काचेवर. एकदाच.

धाकट्याने वळून बघितलं. "कोण आहेत ते? काही म्हणतायत का?"

"लक्ष देऊ नका," मी म्हणाले. "ते आजारी असतात."

मग मी थोरल्याकडे बघितलं.

"हो, मीच चालू केली होती. थंडीत जरा कुरकुरते. विकायचीच आहे मला. आजच घेऊन जा."