आठ नंबरची चावी

मैलावाचक सकाळी आठला टिंग वाजला आणि आकडा बघायच्या आधीच राजश्रीनं एक शिवी हासडली.

चारशे बारा.

शून्य पाहिजे होतं. एकदा नाही, सलग चौदा दिवस. आज बंदचा एकसष्टावा दिवस, आणि गल्लीनं अजून एकही शून्य बघितलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची खोली होती, तीच प्रयोगशाळा. तिच्या खालून गटाराचा मोठा पाइप जायचा. मैलावाचक त्यातलं पाणी दिवसभर थेंब थेंब साठवायचा आणि सकाळी सांगायचा, गल्लीच्या पोटात विषाणूच्या किती खुणा आहेत ते. माणूस ताप लपवतो, खोकला गिळतो. गटार काही लपवत नाही. म्हणून या साथीत सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीचं कुलूप गटाराच्या हातात दिलं होतं. हे यंत्र सांभाळायची राजश्री बोल्ली, आणि ती राहायची पण याच गल्लीत. ज्या यंत्रानं कोंडलं त्यालाच रोज पुसायचं, तेल घालायचं. डोकं फिरेल नाहीतर काय.

तिची चार वर्षांची कावेरी दोन दिवसांसाठी अक्कलकोटला मावशीकडं गेली होती. दुसऱ्याच दिवशी गल्लीला पत्रे ठोकले. काल फोन लावला तर पोरगी आत ओरडून सांगत होती, "आई, फोनवाल्या आईचा फोन आलाय!"

आतली आई म्हणजे मावशी.

बाहेर भोंगा सुरू झाला. "ऐका ऐका! पाणी उकळून प्या. ताप आला तर लपवू नका, मला सांगा, मी कुणाला चावत न्हाई. आणि संडासला दोन तांबे जास्त ओता, कंजूषपणा करू नका!"

अंबादास चिलवेरी. गल्लीमित्र. साथ येऊन गेलेली, बरी झालेली माणसं महापालिकेनं मदतीला घेतली होती, कारण त्यांना पुन्हा लागण होत नाही. रोज नाकातला नमुना द्यायचा, साफ निघाला की पत्रा उघडून आत यायचं. अंबादास दूध आणायचा, गोळ्या आणायचा, म्हाताऱ्यांची नखं कापून द्यायचा. राजश्रीकडून आकडा घेऊन फळ्यावर खडूनं तोच लिहायचा.

"किती गं अक्का?"

"चारशे बारा."

"हात्तिच्या. माझ्या साखरेपेक्षा जास्त."

तेवढ्यात तिसऱ्या दारातून हाक आली, "मामा, चहा!" रोजचं होतं हे. चहा घेतल्याशिवाय अंबादासला कुणी पुढं सरकू द्यायचं नाही. पाच दारं, पाच कप. विसाव्या दिवशी तर गल्लीनं त्याला मानाची चावी दिली होती. गल्लीत आठ संडास, चार-चार घरांत एक कुलूप. आठ नंबरचा पाहुण्यांचा, सगळ्यात स्वच्छ. त्याची चावी लाल दोऱ्यात ओवून अंबादासच्या हातात दिली, तेव्हा तो गडी चक्क रडला होता.

राजश्रीनं मुख्य प्रयोगशाळेतल्या डॉक्टर शाल्मली हिप्परगींना फोन लावला.

"मॅडम, एकशे सतरा माणसं. तीन-तीनदा नाकं तपासली. सगळे साफ. मग हे येतंय कुठून?"

"आतड्यातून," डॉक्टर म्हणाल्या. "नाकातून विषाणू दहा दिवसांत जातो. पण हजारात एखाद्याच्या आतड्यात बसून राहतो. महिनोन् महिने. माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाच माहीत नसतं."

"म्हणजे दुसऱ्याला लागतो?"

"नाही. मेलेले तुकडे असतात ते. पण यंत्राला मेलेलं आणि जितं यातला फरक कळत नाही."

"आणि नियमाला?"

"नियमाला तर त्याहून नाही."

एकसष्ट दिवस आपण मेलेल्या तुकड्यांपायी कोंडलेलो? "मग त्या माणसाला शोधायचा कसा?"

"घरोघर आतड्याची तपासणी करायला आपल्याकडं सामान नाही. एक करता येईल. दिवसाचा नमुना एकत्र साठवू नकोस. पंधरा-पंधरा मिनिटांचा वेगळा घे. आणि जुने आकडे एकाखाली एक लिही. तीनशे चाळीस गल्ल्या आहेत, मला प्रत्येकीत डोळे घालून बसता येत नाही. तू बस."

ती बसली. आकडे लिहून काढले आणि पहिली गोष्ट दिसली. दर सोमवारी आकडा धाडकन पडायचा. चाळीस, पस्तीस, एकेचाळीस. सोमवारचा आकडा म्हणजे रविवारचं पाणी. रविवारी असं काय होत नाही गल्लीत?

दुसऱ्या दिवशी वेगळे नमुने आले. सकाळभर काही नाही. साडेदहा ते पावणेअकरा, एकदम उसळी. मग पुन्हा काही नाही.

तिसऱ्या दिवशी ती साडेदहाला संडासांसमोर कपडे वाळत घालत उभी राहिली. पाच चहा पोटात घेऊन अंबादास घाईघाईनं आला, तिच्याकडं बघून हसला, आणि लाल दोऱ्याची चावी आठ नंबरला लावली.

रविवारी गल्लीमित्रांना सुट्टी असते.

हातातली ओली साडी तिनं तशीच धरून ठेवली. गल्ली बंद आहे म्हणून अंबादास येतो. अंबादास येतो म्हणून गल्ली बंद आहे.

"मॅडम, सापडला," ती फोनवर म्हणाली. "पण तो इथला नाहीच. तो..."

"थांब. नाव घेऊ नकोस. नाव ऐकलं तर मला लिहावं लागेल, आणि लिहिलं तर त्याला शहराबाहेरच्या छावणीत नेतील. आतडं साफ होईपर्यंत."

"तिथून किती जण परत आले?"

"अजून कोणी नाही."

राजश्रीनं त्याच दुपारी अंबादासकडून आठ नंबरची चावी काढून घेतली. "मामा, कुलूप बिघडलंय. चावी द्या, दुरुस्त करून देते." त्यानं दिली. "आणि मॅडमनी सांगितलंय, गल्लीमित्रांनी आत मास्क काढायचा नाही. म्हणजे चहा बंद."

"चहा बंद?" त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. पण नियम म्हटल्यावर गडी सरळ. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर त्यानंच सांगितलं, "आजपासून मला चहा विचारू नका. विचारलात तर मी घेईन, म्हणून विचारू नका!"

पाइपाला चिकटलेलं निघून जायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी टिंग. शून्य.

गल्ली रस्त्यावर आली. थाळ्या वाजल्या. आणि गल्लीतला पेंटप्पा गुर्रम छाती पुढं काढून म्हणाला, "बघितलं? मी सांगत होतो का न्हाई?"

कारण त्याच आठवड्यात त्यानं लचम्मा अव्वाच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. अव्वा सत्तरीची, एकटी. जन्मभर विड्या वळल्या, तंबाखूच्या धुळीनं खोकला लागलेला. गल्लीनं पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं की विषाणू हिच्यातच आहे. आता तिला आत बादली ठेवली होती, ती अंबादासनं शिधा देताना मागच्या खड्ड्यात रिकामी करायची, गटारात नाही. अव्वाचा तीन नंबरचा संडास वापरणाऱ्या बाकीच्या घरांनी आपल्या चाव्या टाकून चार नंबर धरला. अव्वाची चावी तेवढी तिच्या खुंटीवर राहिली.

अव्वाचं गटार बंद झालं आणि शून्य आलं. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

राजश्रीला खरं माहीत होतं. तोंड उघडलं तर अव्वाची कडी निघेल. पण मग विचारतील, अव्वा नाही तर कोण? चौदा दिवस, ती मनाशी म्हणाली. फक्त चौदा. मग पत्रे निघतील, अव्वा सुटेल, मामा वाचेल, मी अक्कलकोटला जाईन. तिनं भिंतीला रेघा मारायला सुरुवात केली. रात्री अव्वाचा खोकला ऐकू यायचा, तेव्हा ती उशी कानावर घ्यायची.

बारा. तेरा. फोनवर कावेरीला म्हणाली, "परवा येते गं."

"कोण येतंय?" कावेरीनं विचारलं.

चौदाव्या दिवशी सगळी गल्ली पत्र्याच्या खोलीसमोर उभी. पेंटप्पानं हार आणवला होता, अंबादाससाठी. राजश्री आत गेली. टिंग.

तीनशे अठ्ठ्याण्णव.

ती बाहेर आली तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"कुणी कडी काढली?" पेंटप्पा ओरडला. त्याची बायको संडासांकडं पळाली, परत आली. "तीन नंबर ओला आहे! काल कुणीतरी गेलंय. ती चावी अव्वाकडंच असते!"

झालं. शंभर माणसं अव्वाच्या दाराकडं वळली. एकानं लाकूड उचललं. आतून अव्वाची फक्त खोकल्याची उबळ ऐकू आली.

"ए, थांबा! थांबा म्हणतो ना!" अंबादास हार बाजूला ढकलून दारासमोर आडवा झाला. "अव्वा न्हाई गेली. मी गेलतो."

"तुम्ही?"

"काल शिधा द्यायला कडी काढली, तर म्हातारी म्हणाली, 'सगळ्यांनी सोडलं, आता तूपण माझ्या हातचं घेत न्हाईस.' काय करणार? बसलो. दोन कप चहा घेतला, भाकरी खाल्ली. नियम मोडला, मान्य. मग पोटात कळ आली, आठची चावी नव्हती, अव्वाची घेतली. तेवढंच. त्यात म्हातारीचा काय गुन्हा?"

पेंटप्पाचीच बायको बोलली, हळू आवाजात. "मामा, तुमची आठची चावी कुठं गेली?"

"राजश्रीनं नेली की. कुलूप बिघडलंय म्हणून."

"आठचं कुलूप चांगलं चालतं," कुणीतरी म्हणालं.

अंबादास राजश्रीकडं बघत राहिला. मग फळ्याकडं. सगळे आकडे त्याच्याच हातानं लिहिलेले होते. त्याचा ओठ हलायला लागला, मोजत असल्यासारखा, आणि एका जागी थांबला.

"सोमवारी पडायचा," तो म्हणाला.

राजश्रीनं कमरेची चावी काढली. लाल दोरा मळला होता. "मामा, त्यानं कुणाला लागत नाही. मेलेलं असतं ते. तुम्ही कुणाला काही केलेलं नाही." मग ती गल्लीकडं वळली आणि एवढ्या जोरात ओरडली की पत्रा घुमला. "अव्वा पहिल्यापासून साफ होती! मला माहीत होतं! मी बोलले नाही!"

कुणी तिच्याकडं बघितलं नाही. सगळे अंबादासकडं बघत होते, आणि बघता बघता त्याच्याभोवतीची जागा रिकामी होत गेली. हार धरलेली पोरगीसुद्धा दोन पावलं मागं सरली.

राजश्रीनं जाऊन अव्वाची कडी काढली. खिशात फोन वाजत होता. डॉक्टर हिप्परगी. आकडा त्यांनाही दिसला असणार, आणि आता नाव विचारावंच लागणार होतं.

अंबादासनं भोंगा खाली ठेवला.

"घरी गेलो तर घरची गल्ली कधी उघडायची न्हाई," तो म्हणाला. "आमच्या पाइपावर पण हेच यंत्र आहे. रविवारी मी घरी असतो, म्हणून तिकडं सोमवारी आकडा चढतो, व्हय ना?"

"व्हय, मामा."

"आणि छावणीतून कोण परत येत न्हाई."

राजश्रीनं वाजणारा फोन खिशातल्या खिशात दाबून बंद केला.

"मग अक्का," त्यानं विचारलं, अगदी साधं, रस्ता विचारावा तसं, "मी जायचं कुठं?"